एकाच बटणाचं काम

"माले काही दिसत नही, अन् म्हणे एकच बटण दाब," शोभाबाई पदरानं चष्मा पुसत पुटपुटल्या. चंचल त्यांना खेटूनच बसली होती. तिनं ऐकलं आणि पडद्यावरची अक्षरं मोठी केली.

कोसाड वस्तीतल्या चंचलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारचे तीन वाजले होते. पाच वाजता चंचल आपलं काम जगापुढे ठेवणार होती. फुकट घ्यावीत, हवी तशी बदलावीत अशी मुक्त वेब-ॲप्स जगात ढिगानं पडली आहेत. पण ती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या जागेत, चढवायची तर इंजिनिअर लागतो. चंचलच्या बटणामुळे तो लागणार नव्हता. कापड मार्केटातली कॉम्प्युटर ऑपरेटरची नोकरी सोडून, त्रेचाळिसाव्या वर्षी, व्हिडिओ बघत बघत शिकून तिनं वर्षभर हेच केलं होतं. घरात त्या बटणाबद्दल सगळे जपून बोलत, पहिलटकरणीच्या पोटाबद्दल बोलावं तसे.

शोभाबाई समाजाची वधू-वर यादी सांभाळत. मुलींचे फोटो व्हॉट्सॲपवरून कुठल्या कुठे जात. परवा एका मुलीचा फोटो कुठल्याशा पानटपरीवर हातोहात फिरताना तिच्या भावानंच पाहिला. तेव्हापासून शोभाबाईंना यादी आपल्याच जागेत, कुलपात हवी होती.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यानं नाव विचारलं. "काहीही चालतं, मावशी," म्हणत चंचलनंच ते लिहिलं. ठिकाण विचारलं, तेही तिनंच निवडलं. मग काहीतरी चुकल्याची एक लाल ओळ आली. "ती येतेच, घाबरू नका." चंचलचा हात शोभाबाईंच्या हातावरून माउसकडे गेला. शेवटी पान उघडलं. वर समाजाचं नाव, शेजारी गणपती.

"लई सोपं आहे गं बाई!" शोभाबाई म्हणाल्या. त्यांच्याआधी चार जण हेच म्हणाले होते.

"ताई, एकदम सरस!" भाऊ ललित म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

खाटेवर नाना बसले होते. चंचलचे वडील, हिलाल नाना. त्यांनी चाळीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले आणि लूमनी त्यांचे कान नेले. बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते माणसांचे हात बघतात, कुणाचे किती वेळा चालले ते मोजतात. त्यांनी शोभाबाईंकडे बघून दोन बोटं दाखवली. चंचलकडे बघून आधी दहा, मग आणखी एक.

मग ते उठले आणि चपला घातल्या. "चाल. चहा पेवाले."

"आत्ता, नाना?"

पण तिला कळलं होतं. लूमच्या खात्यात नवा कारागीर शिकला का, हे उस्ताद कधी विचारत नसे. तो चहाला जाई. परत येईपर्यंत लूम चालू असला, तर शिकला. उस्ताद शेजारी उभा असला की धागा तुटल्याबरोबर गाठ त्याचीच बोटं मारतात. त्यालाही पत्ता लागत नाही.

चंचलनं चढवलेलं ॲप पुसून टाकलं. "मावशी, आता तुम्ही करा. मी आलेच." जत्रेत बोट सुटलेल्या लेकरासारखा शोभाबाईंचा चेहरा झाला.

खाली चहाच्या लारीवर तिनं जीभ पोळेस्तोवर घाईनं चहा घेतला. दोनदा उठली. नानांनी बशीत फुंकर मारत आणखी एक अडधी, अर्धा कप, सांगितली.

वर आली, तेव्हा पडद्यावर लाल ओळ तशीच होती. शोभाबाईंचे हात मांडीवर होते.

"सोपंच आहे गं," त्या म्हणाल्या. "मीच अडाणी."

"मावशीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, ताई," ललित म्हणाला.

पाच वाजता पाठवायची सूचना चंचलनं उघडली आणि पुसली. कागद-पेन ललितच्या हातात दिलं. मग खुर्ची सोडून ती खाटेवर नानांजवळ जाऊन बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"मुलींचे फोटो कुलपात जाईपर्यंत मी जगाला काही दाखवत नाही," ती म्हणाली. "आणि या लाल ओळीला मी आज हात लावणार नाही. उद्याही नाही. मावशी, वर्षभर सगळ्यांनी माझं मन राखलं. आता पुरे. ललित, मावशी सांगतील ते लिही, जसंच्या तसं."

शोभाबाईंनी ललितकडे पाहिलं. ललितनं या वेळी खिडकीकडे पाहिलं नाही. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना लेकीच्या मांडीखालच्या हातांकडे बघत मान हलवत होते.

शोभाबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"लिही रे मग," त्या म्हणाल्या. "बटण एकच आहे, हे तुझं खरंच आहे, चंचल. पण ते बटण तूच आहेस, पोरी."