अर्धी प्रदक्षिणा

"मागे फिरू या," मी हळूच म्हणाले. ओहोटीची वेळ बघून आम्ही तिघी मैत्रिणी देवळामागच्या, समुद्राकाठच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आवळासुपारी चघळत रमतगमत निघालो होतो. आणि पुढच्याच खडकावर, काठी टेकून, वैजू बसली होती. आमच्यातली चौथी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. तिच्या चालीनं सगळा दिवस जाईल म्हणून, "नलूकडे पाहुणे आलेत, बेत रद्द," असं मीच तिला फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं.

"अर्धी प्रदक्षिणा सोडतात का कधी?" नलू पुटपुटली. "आणि पाहुणे तू आणलेस. आता तूच बोल."

तेवढ्यात वैजूनं आम्हाला पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखी तीच लाजली.

"गेले का गं पाहुणे?"

"सकाळीच गेले," मी म्हणाले. नलूनं समुद्राकडे तोंड फिरवलं.

"बरं झालं. मला फोन केला असशील, तो घरीच राहिलाय बघ. मी इथे सरावाला येते. पुढच्या वेळी माझ्यापायी तुमचा खोळंबा नको. सुनेला सांगू नका हं, ओरडेल मला."

मी हात दिला, ती उठली. वाट अरुंद, एका वेळी एकीपुरतीच. ती पुढे, आम्ही मागे. दर वळणावर ती थांबायची, मागे वळून विचारायची, "फार हळू होतंय का गं?"