तक्रारींची जुनी वही

“तीन वर्षांत एकाही विद्यार्थ्याची तक्रार नाही?” जर्मनीहून आलेल्या मॅडमनी कोरी वही मिटली. त्यांचं विद्यापीठ आणि आमचं कॉलेज मिळून एकच पदवी देणार होती. त्याला मान्यता द्यायची की नाही, हे मॅडम ठरवणार होत्या.

“एकही नाही!” प्राचार्य छाती फुगवून म्हणाले. वही कालच दुकानातून आणली होती.

“मग आमची मुलं इथे आली आणि अडली, तर सांगतील कुणाला?” मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“मला,” प्रयोगशाळेतल्या घोलपबाई उठल्या. प्राचार्यांनी कालच कपाटात कोंबायला लावलेली जुनी वही त्यांनी सरळ टेबलावर आणून ठेवली. मॅडमसाठी दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. मी इंग्रजीत वाचून दाखवू लागलो.

‘पाण्याला वास येतो.’ खाली लाल शाईत घोलपबाईंचं उत्तर: ‘टाकी धुतली.’

‘चार नंबरच्या मायक्रोस्कोपमधून धूसर दिसतं.’ ‘भिंग बदललं.’

‘प्राचार्य तासाला येत नाहीत.’ माझी जीभ अडखळली. खाली होतं: ‘सांगितलं. आता येतात.’

मॅडम खळखळून हसल्या. टोपण पुन्हा निघालं आणि त्यांनीही वहीत एक ओळ लिहिली: ‘चहा फार गोड आहे.’

घोलपबाईंनी लगेच लाल पेन उचललं. ‘पुढच्या वेळी साखर कमी.’

मी ते सांगितलं, तशा मॅडम म्हणाल्या, “जूनमध्ये मुलांना घेऊन येते, तेव्हा पिऊन बघेन.”