वेग कुणी वाढवला?

बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हापासून त्यांनी घरातल्या कुठल्याच यंत्राला हात लावला नव्हता. "माझ्याच हातून नको ते बटण दाबलं गेलं असणार. हल्ली काही लक्षात राहत नाही," ते सगळ्यांना सांगायचे आणि मी गप्प बसायचे. आज दुरुस्तीवाल्याने रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, शेवटी मदरबोर्डवरचा करपलेला भाग दाखवत विचारलं, "प्रोसेसरचा वेग कुणी वाढवला होता का?" बाबांनी मान खाली घातली. "मीच केलं असेल काहीतरी." मला राहवेना. "बाबा, वेग मी वाढवला, माझे व्हिडिओ झटपट तयार व्हावेत म्हणून. जळका वास आला, तरी बोलले नाही." बाबांनी मान वर केली. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" त्यांनी विचारलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा मोकळं हसले. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.