ब्रेकवरचा पाय

शेजारच्या बाळासोनं आपल्या जुन्या गाडीला घरीच डिस्क ब्रेक बसवले, तेव्हा दानेश्वरीनं त्याचं इतकं कौतुक केलं, की तिच्या नवऱ्याला, सोमशेखरला, जेवण गोड लागेना.

पुढच्याच रविवारी त्यानंही अंगणात गाडी जॅकवर चढवली. नव्या ब्रेकवर जुनी चाकं बसेनात, म्हणून जयसिंगपूरहून मोठी आणली. ती नीट बसली. त्यानं हातानं चाक फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात ते गच्च थांबलं.

थोड्या वेळानं ते आपोआप सुटलं. त्यानं पुन्हा फिरवलं, ते पुन्हा थांबलं.

"दानेश्वरी, ब्रेकवरचा पाय काढ की," तो चाकाशी उकिडवा बसूनच म्हणाला.

"मी कुठली गाडीत? सैपाकघरात हाय मी," घरातून उत्तर आलं.

सोमशेखर उठला. गाडी रिकामी होती. ब्रेकचं पेडल मात्र तळाला टेकलं होतं. भिंतीपलीकडं बाळासो शीळ घालत आपली गाडी पुसत होता.

दानेश्वरी हात पुसत बाहेर आली. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडं बघून तिनं पदर सारखा केला आणि ती हसली. सोमशेखरकडं बघून ती अशी कधीच हसली नव्हती. भिंतीपलीकडं शीळ चालूच होती, पण तिची नजर सीटवरच होती.

"बाळासो भावजी, कवा आलासा? च्या ठेवू?"