अक्षर उमटल्यावर

नांदूरघाटच्या जन्मांध भागवतनं 'क' टाइप केला आणि कॉम्प्युटर 'क' बोलला. त्यानं पुन्हा पुन्हा तोच टाइप केला. त्याला कॉम्प्युटर शिकवायला घरी आलेली शिवकन्या शेजारी बसली होती.

"शिवकन्याताई, ह्यो लिहायचा एडिटर बनवणाऱ्याला ठाऊक होतं का, आंधळाबी लिहील म्हणून?"

"न्हाई. त्यानं एवढंच केलं, अक्षर उमटलं की एडिटर आतल्या आत हाक देतो. ज्याला गरज हाय त्यानं आपलं काम त्या हाकेला जोडावं. मी आवाज जोडला."

"कोण ऐकणार ते ठाऊक नसताना हाक देतो?"

चुलीपुढं हे बोलणं ऐकत भागवतच्या आईनं, साखराबाईनं, दोघा मायलेकांपुरत्या भाकरी केल्या. मग कुणी आलं-गेलं तर असाव्यात म्हणून रोजच्यासारख्या वरच्या दोन टाकल्या.

"चांगल्या घरचा दिसतोय त्यो एडिटरवाला," ती म्हणाली.