फणसावरचा ब्लॉग

"ब्लॉगसाठी उपग्रहावर जागा घ्या, ताई. जगभर वाचला जाईल," ब्लॉग-केंद्रातला तरुण म्हणाला. "झाडाच्या जनुकांत लिहिलेलं कोण वाचतं?"

मृदुला साटमने कडेवर झोपलेल्या लेकीला, इराला, सावरत समोरच्या रोपांमधलं फणसाचं रोप उचललं. "यावरचं कधी वाचता येईल?"

"फळ धरल्यावर. सालीवर फोन टेकवायचा. पण सात-आठ वर्षं थांबावं लागेल."

"चालेल. तोवर ही वाचायला लागलेली असेल."

डॉक्टरांनी आपल्याला दिवाळीपर्यंतचीच मुदत दिलीय, हे तिने त्याला सांगितलं नाही.

त्याने पहिली नोंद विचारली.

"लिहा," ती म्हणाली. "इरा, फणस कापण्याआधी हाताला तेल लाव, नाहीतर चीक चिकटेल, बाळा."