चार मिनिटं

स्पीकर बंद करायचा राहून गेला, एवढीच संशोधिकेची चूक. दार ढकलून बाई आत आली तेव्हा प्रयोगशाळेत टकटक चालूच होती.

"माझ्या लेकीचं काही तुमच्याकडे आहे म्हणे," बाई म्हणाली. तिच्या हातात सकाळी सही केलेला संमतीचा कागद होता.

ऑपरेशनमध्ये काढलेला मेंदूचा नखाएवढा तुकडा सकाळी वरच्या मजल्यावरून बर्फाच्या डब्यात आला होता. डब्यावर नुसता आकडा. नाव विचारायचं नाही हा इथला नियम, आणि तो किती शहाणपणाचा आहे हे संशोधिकेला आता कळत होतं. दोन वाजता फोन आला होता: रक्तस्राव थांबला नाही, मुलगी गेली. तुकड्याची पातळ चकती मात्र काचेच्या वाटीत, प्राणवायूच्या बुडबुड्यांत, अजून तग धरून होती.

"हा आवाज कसला?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "पेशींचा, ताई. त्यांच्यातली वीज सुईतून स्पीकरवर ऐकू येते. ग्लुटामेट म्हणून एक द्रव्य असतं. ते पेशीचं दार वाजवतं. दार उघडलं की पेशी जागी होते, शेजारणीलाही उठवते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हेच चालतं. हिची दारं जरा जास्तच उघडी राहतात."

"भिंगरीच ती! घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ." बाई हसली. ते हसू पाहवत नव्हतं.

तेवढ्यात टकटक वाढली, एकात एक मिसळली, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कडकडाट सुरू झाला.

बाईने झटकन मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "झटका आला ना तिला?"

संशोधिका स्पीकर बंद करायला वळली.

"मला नका शिकवू. नऊ वर्षं बघतेय."

"ताई, ती नाहीये त्यात. तिला काही कळत नाही, खरंच."

"नसेल कळत. थांबवा तेवढं."

ती दारं मिटणारं औषध शेजारच्या बाटलीत होतं. सहा वर्षं त्यामागे तिने रक्ताचं पाणी केलं होतं. आणखी तासभर नोंदी घेतल्याशिवाय ते घालायचं नव्हतं. नोंदी गेल्या खड्ड्यात, म्हणत तिने नळी उघडली.

कडकडाट विरळ झाला. मग एक टक. बऱ्याच वेळाने आणखी एक. मग नुसते बुडबुडे.

याच शांततेसाठी तिने सहा वर्षं घालवली होती, आणि आता तिला रडू आवरेना.

"चार मिनिटं," बाई घड्याळ बघून म्हणाली. सवयीने तिने पर्समधून रुमाल काढला. कुणाचं तोंड पुसायचं ते न कळून तो तसाच हातात धरला. मग वाटीवरच्या प्रखर दिव्याकडे बोट दाखवत ती हळूच म्हणाली, "तो जरा बंद करा ना. झटक्यानंतर झोपते ती."